धंद्यातल्या पैशाची धास्ती: ती कमी करण्याचा क्रम

धंदा छोटा असला की मालक आणि धंद्याचं खातं यांच्यात अंतरच उरत नाही. खात्यात पैसे जमा झाले की आपण हुशार, खातं आटलं की आपण नालायक. हे नातं सुधारायचं तर बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात. ‘आता पैशाला घाबरायचं नाही’ असं ठरवतात आणि त्या जोशात सगळ्या गिऱ्हाइकांचे दर एकाच दिवशी वाढवतात. किंवा पंचवीस रकान्यांची हिशेबाची फाइल बनवतात आणि तिसऱ्या आठवड्यात ती उघडणं सोडून देतात. मग वाटतं, खोट आपल्यातच आहे.

खोट क्रमात असते. मन आधी शांत होईल आणि मग निवांत हिशेबाला बसू, असं कधी होत नाही. आधी पैसे वेगळे करायचे, मग आकडे बघायचे, आकडे बघताना मनात काय उसळतं ते टिपायचं. त्यानंतर स्वतःचा पगार, मग दर, मग वसुली. हा क्रम मोडला की प्रत्येक टप्पा दुप्पट अवघड जातो. पहिल्या तीन टप्प्यांना मिळून महिनाभर द्या, पुढच्या प्रत्येकाला दोन-तीन आठवडे.

आधी हे वाचा. कित्येक आठवडे झोप लागत नसेल, जुन्या कर्जाचे हप्ते नवं कर्ज काढून फेडले जात असतील किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर या टप्प्यांची ही वेळ नाही. आजच घरातल्या एका माणसाला सांगा आणि डॉक्टरला किंवा समुपदेशकाला भेटा. कर्ज देणाऱ्याशी हप्ता चुकण्याआधी बोला, आणि बोलणं झालं की ते लेखी ठेवा. बाकीचं नंतर करता येतं.

## तयारी

पहिल्या बैठकीला दोन तास मोकळे ठेवा आणि हे सगळं आधी गोळा करा:

- सगळ्या खात्यांची गेल्या सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट.
- येण्याची यादी: कोणाकडून, किती, बिल कधी दिलं, मुदत कधी संपली.
- देण्याची यादी: माल, भाडं, पगार, हप्ते, कर. प्रत्येकापुढे तारीख.
- हातउसने घेतलेले पैसे. यांचा कागद नसतो, म्हणून ते यादीतून सुटतात आणि मनात मात्र सगळ्यात जास्त टोचत राहतात.
- एक साधी वही.

शक्यतो सकाळी बसा. दिवसभर दमून रात्री आकडे बघितले की प्रत्येक आकडा आहे त्यापेक्षा वाईट वाटतो. मोठी रक्कम द्यायच्या आदल्या दिवशीही नको.

पहिल्या बैठकीत एकही निर्णय घ्यायचा नाही. कोणाला कामावरून कमी करायचं नाही, कर्ज काढायचं नाही, दराला हात लावायचा नाही. फक्त जमवायचं आणि लिहायचं. हा नियम पाळायला कठीण जातो, कारण भीती वाटली की काहीतरी करून टाकावंसं वाटतं. तरी पाळा.

## १. पैसे वेगळे करा

मोबाइलवर दिसणाऱ्या एका आकड्यात घरखर्च, मालाचे पैसे, कराची रक्कम आणि न केलेल्या कामाचा ॲडव्हान्स हे सगळं मिसळलेलं असेल, तर त्या आकड्याकडे बघून होणारा आनंदही खोटा आणि लागणारा धक्काही खोटा. गिऱ्हाइकाने दिलेला ॲडव्हान्स काम होईपर्यंत तुमचा नसतो. गिऱ्हाइकाकडून वसूल केलेला कर तर कधीच तुमचा नसतो.

तीन खाती पुरतात: धंद्याचं, घराचं आणि राखीव. बिलाचे पैसे जमा झाले की त्याच दिवशी कराचा भाग राखीव खात्यात हलवायचा. ॲडव्हान्सही तिथेच ठेवायचा, आणि कामाला माल लागेल तसा तेवढाच काढायचा. रोखीचा धंदा असेल तर गल्ला दिवसाअखेर मोजून वहीत लिहा. गल्ल्यातून घरासाठी पैसे उचलणं आजपासून बंद. अगदीच उचलावे लागले तर त्याच क्षणी चिठ्ठी लिहून गल्ल्यात टाका.

नेहमीची चूक: उत्साहात सहा-सात खाती उघडणं. कुठे काय ठेवलंय हेच आठवेनासं होतं आणि जुना गोंधळ परत येतो.

तपासा: धंद्याच्या खात्यातल्या रकमेपैकी खरोखर खर्च करता येईल अशी रक्कम किती, हे एका मिनिटात सांगता येतं का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. आठवड्याची बैठक ठरवा

पैशाची भीती दोन तऱ्हांनी दिसते. काही जण स्टेटमेंट उघडतच नाहीत, बिलांची पाकिटं तशीच पडून राहतात. काही जण दिवसातून दहा वेळा शिल्लक बघतात. दुसऱ्या तऱ्हेचे लोक स्वतःला काटेकोर समजतात, पण दोन्हींचं मूळ एकच असतं.

न बघण्याची सवय माणसामाणसांत किती खोल आहे, हे गुंतवणूकदारांवरच्या संशोधनात दिसलं आहे. कार्लसन, लोवेनस्टाइन आणि सेप्पी यांच्या २००९च्या अभ्यासात बाजार पडलेला असताना लोक आपली गुंतवणूक बघायला कमी वेळा गेलेले आढळले. सारखं बघण्याचा तोटा वेगळा. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९मध्ये दाखवून दिलं, की तेवढ्याच रकमेच्या फायद्यापेक्षा तोटा मनाला जास्त लागतो. १९९२च्या त्यांच्या अंदाजानुसार दुपटीहून थोडा अधिक. धंद्याची शिल्लक रोज वरखाली होणारच. दिवसातून दहा वेळा बघणारा माणूस घसरण जास्त वेळा बघतो आणि प्रत्येक घसरण त्याला दुपटीने बोचते. आठवड्याचा धंदा नफ्यात असूनही तो आठवडाभर तोट्यात असल्यासारखा जगतो.

म्हणून आठवड्यातून एकच वार, एकच वेळ, अर्धा तास. गजर लावून बसायचं आणि गजर झाला की उठायचं. चारच आकडे लिहायचे:

1. धंद्याच्या खात्यात आणि गल्ल्यात मिळून किती.
2. येणं किती, आणि त्यातलं मुदत संपलेलं किती.
3. पुढच्या चार आठवड्यांत देणं किती.
4. तग किती आठवड्यांची: पहिल्या आकड्याला आठवड्याच्या सरासरी खर्चाने भागा.

चौथा आकडा सगळ्यात उपयोगी. ‘पैसे संपत चाललेत’ ही धास्ती आहे. ‘साडेपाच आठवडे निघतील’ ही माहिती आहे, आणि माहितीवर काम करता येतं. तग दोन आठवड्यांची निघाली तर धक्का बसेल, पण ती तशी असल्याचं आज कळलं म्हणून उद्या वसुलीचा फोन लागतो.

सावध: नफा आणि रोकड एक समजू नका. उधारीवर माल गेला की कागदावर नफा दिसतो, पण खातं रिकामं असतं. जोरात वाढणाऱ्या धंद्यात तर हे हटकून होतं, कारण माल आधी भरावा लागतो आणि पैसे नंतर येतात. अशा वेळी ‘मला धंदा जमत नाही’ असं मनात आलं, तर तो निष्कर्ष चुकीचा आहे. तिथे खेळतं भांडवल अपुरं पडतंय.

तपासा: ओळीने तीन आठवडे बैठक झाली का? मध्ये चुकली असेल तर पुन्हा तीन मोजा, मगच तिसरा टप्पा.

## ३. आकड्याशेजारी मनातलं लिहा

हा टप्पा लोक गाळतात, कारण तो ‘हिशेबाचा’ वाटत नाही. माझ्या मते सगळ्या क्रमाचा कणा हाच आहे. पुढचे तीनही टप्पे अडतात ते गणितापाशी नाही, जिभेपाशी आणि हातापाशी अडतात.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा: आकडा, मनात उठलेला अर्थ, पुरावा. उदाहरणार्थ एखादं पान असं दिसेल.

*आकडा:* येण्यातलं ४० टक्के मुदतीबाहेर.
*अर्थ:* लोक मला किंमत देत नाहीत. छातीवर दडपण. सगळ्यांना फोन करून झापावंसं वाटतंय.
*पुरावा:* तीन जणांचं थकलंय. त्यातल्या दोघांना बिलच पंधरा दिवस उशिरा पाठवलं होतं. तिसऱ्याने मागच्या वेळीही दोन महिने लावले होते.

तिसरा रकाना भरल्यावर काम समोर येतं: दोन बिलांची मुदत नव्याने धरायची, आणि तिसऱ्याला पुढचं काम ॲडव्हान्सशिवाय द्यायचं नाही. ‘लोक मला किंमत देत नाहीत’ यावर काहीच करता आलं नसतं.

मधल्या रकान्यात शरीराचंही लिहा. घसा कोरडा पडतो, जबडा आवळतो, फोन उलटा ठेवावासा वाटतो. काही आठवड्यांनी पानं उलटून बघितली की तीच दोन-तीन वाक्यं पुन्हा पुन्हा दिसतात. ‘मागणं म्हणजे भीक’, ‘पैसा आला की नाती तुटतात’, ‘आपल्यासारख्यांकडे टिकत नाही’. ही वाक्यं बहुतेक वेळा लहानपणी ऐकलेली असतात आणि ज्यांनी म्हटली त्यांच्या परिस्थितीत खरीही असतील. त्यांच्याशी भांडत बसू नका. वाक्य ओळखू आलं की त्याच्यापुढे ‘जुनं’ एवढं लिहा आणि पुरावा शोधायला लागा.

चणचण असताना आपण नेहमीसारखा विचार करू शकत नाही, हेही लक्षात असू द्या. २०१३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांना पीक निघण्याआधी, म्हणजे हात आखडलेला असताना, आणि पीक निघाल्यावर बौद्धिक चाचण्या दिल्या होत्या. माणसं तीच, पण चणचणीच्या दिवसांत त्यांची कामगिरी कमी भरली. म्हणून तग चार आठवड्यांच्या खाली असताना कोणताही मोठा निर्णय एक रात्र उलटू दिल्याशिवाय घेऊ नका. ‘मोठा’ म्हणजे किती, ती रक्कम आत्ताच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

नेहमीची चूक: पानंच्या पानं लिहिणं. एका बैठकीला एकच आकडा घ्या, ज्याने सगळ्यात जास्त कळ उठली तो.

## ४. स्वतःचा पगार ठरवा

‘सगळ्यांचं देऊन उरेल ते माझं’ ही पद्धत साधेपणाची वाटते, पण माणसाला ती आतून पोखरते. चांगल्या महिन्यात भरमसाट उचल होते, वाईट महिन्यात काहीच नाही, आणि घरच्यांना कधीच नक्की सांगता येत नाही. काही काळाने मालकाला कामगारांचा, गिऱ्हाइकांचा, धंद्याचाच राग यायला लागतो. राग खरा असतो. तो कोणावर काढायचा एवढंच चुकतं.

आकडा असा काढा. गेल्या सहा महिन्यांत सगळे खर्च आणि कराचा भाग बाजूला काढल्यावर, पण तुमची उचल होण्याआधी, दर महिन्याला किती उरलं ते मांडा. समजा ६०, ४५, ८०, ३०, ५५ आणि ५० एकक उरले. सरासरी ५३ येते. पगार ५३ ठरवू नका. सगळ्यात कमी दोन महिन्यांची, म्हणजे ३० आणि ४५ यांची सरासरी घ्या: साधारण ३७. एवढा पगार वाईट महिन्यातही जवळपास निघतो, आणि चांगल्या महिन्यातला उरलेला पैसा धंद्यातच राहतो. ठरलेल्या तारखेला तो धंद्याच्या खात्यातून घरच्या खात्यात पाठवायचा. दर तीन महिन्यांनी फेरविचार, त्याआधी नाही.

आता घराची गरज ४५ ची असेल तर ८ चा खड्डा उघड दिसतो. बघायला त्रास होतो, पण आतापर्यंत हाच खड्डा हातउसन्यांनी गुपचूप भरला जात होता. तो कसा भरायचा हे पुढचा टप्पा ठरवेल, काही भाग घरखर्चातून आणि काही भाग दरातून.

एकल मालकीच्या धंद्यात हिशेबनीस मालकाची उचल खर्चात धरत नाही, भांडवलातून काढलेली रक्कम म्हणून दाखवतो. हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण त्यामुळे कागदावरचा नफा तुमची मेहनत फुकट धरून काढलेला असतो. दर ठरवताना आणि धंदा चालतोय की नाही हे ठरवताना पगार खर्चात धराच.

सावध: एखाद्या महिन्यात पगार काढता आला नाही, तर न काढलेली रक्कम ‘मालकाला देणं’ म्हणून वहीत लिहा. ती लपली की पुन्हा ‘उरेल ते माझं’ सुरू होतं.

## ५. दर: आधी कागदावर, मग तोंडाने

स्वतःचा पगार ठरल्याशिवाय दर काढला, तर तो भीतीतून निघतो किंवा शेजारच्याचा बघून निघतो. आता खालची मर्यादा काढा: वर्षाचा तुमचा पगार, स्थिर खर्च आणि थोडी राखीव रक्कम यांची बेरीज करा आणि बिलात लागणाऱ्या तासांनी भागा. कच्च्या मालाचा खर्च आणि कर वेगळा. इथली घोडचूक म्हणजे सगळे तास बिलात धरणं. आठवड्याला ४० तास राबणाऱ्याचे कोटेशन, खरेदी, दुरुस्ती आणि वसुलीचे फोन वजा जाता २५च तास बिलात लागू शकतात. ४० ने भागलेला दर मग गरजेपेक्षा खूपच कमी निघतो. खरा दर त्याच्या १.६ पट हवा.

सवलतीचं गणितही एकदा हाताने करून बघा. शंभराच्या विक्रीत ३० सुटत असतील आणि १० टक्के सवलत दिली, तर २० सुटतात. पूर्वीइतकंच कमवायला दीडपट माल विकावा लागेल. उलट दर १० टक्के वाढवला तर ४० सुटतात, आणि पाव धंदा कमी झाला तरी कमाई तेवढीच राहते.

हे सगळं माहीत असूनही माणूस घसरतो ते एका विशिष्ट क्षणी. दर सांगून झालेला असतो, गिऱ्हाईक अजून काही बोललेलं नसतं, आणि ती दोन-तीन सेकंदांची शांतता सहन न होऊन आपणच म्हणतो, ‘पण बघू ना, करू काहीतरी कमी.’ समोरच्याने मागितलंही नव्हतं. तो बहुधा मनात हिशेब करत होता.

यावर उपाय सरावाचाच. आकडा मोठ्याने म्हणा, रोज काही वेळा, आरशासमोर किंवा घरच्या माणसासमोर. वाक्य आकड्यावर संपवा, ‘पण’वर नाही. मग तोंड मिटून मनात पाच मोजा. समोरून ‘जास्त आहे’ आलं तर दर कमी करण्याऐवजी काम कमी करून दाखवा: ‘तेवढ्या बजेटमध्ये हा भाग करता येईल, तो नाही.’

बदल आधी फक्त नव्या गिऱ्हाइकांना लावा. दहा-बारा जणांना न अडखळता सांगून झालं की जुन्यांना निदान महिनाभर आधी लेखी कळवा. कारणांची यादी नको; नवा दर आणि तारीख पुरे.

तपासा: शेवटच्या पाच कोटेशनपैकी किती वेळा समोरच्याने न मागताच सवलत दिली? शून्य येईपर्यंत याच टप्प्यावर थांबा.

## ६. वसुलीचं वेळापत्रक लावा

उधारी मागताना लाज वाटते, कारण प्रत्येक वेळी ‘मागू की नको’ हा निर्णय नव्याने घ्यावा लागतो. निर्णय एकदाच घ्या आणि तारखांवर सोपवा. काम घेतानाच मुदत लेखी ठरवा, बिल काम संपल्याच्या दिवशीच पाठवा, आणि मग:

- मुदतीच्या तीन दिवस आधी: आठवण.
- मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी: संदेश आणि बिल पुन्हा.
- सातव्या दिवशी: फोन.
- पंधराव्या दिवशी: लेखी पत्र, नवी तारीख मागून.
- तिसाव्या दिवशी: पुढचं काम बंद.

संदेशाचे दोन नमुने बघा. पहिला: ‘सॉरी हं, त्रास देतोय. जरा अडचण होती माझी. जमलं तर बघा ना.’ दुसरा: ‘नमस्कार. बिल क्रमांक १७ ची मुदत काल संपली. रक्कम उद्यापर्यंत जमा करता येईल का? बिल पुन्हा जोडलं आहे.’ पहिल्यात हक्काचे पैसे उपकाराचे होतात, आणि ‘जमलं तर’ म्हटल्यावर न जमण्याची मुभाही आपणच देऊन टाकतो. दुसऱ्यात माफी नाही, रडगाणं नाही, रागही नाही. बिल क्रमांक, तारीख, विनंती, बस्स.

ओळखीच्या किंवा नात्यातल्या माणसाकडे थकलेलं असेल तर वेळापत्रक तेच, फक्त संदेशाऐवजी थेट फोन करा. नातं मागण्याने तेवढं बिघडत नाही. मनात धरून, न मागता, टाळत राहिल्याने जास्त बिघडतं. आणि एखादी रक्कम सोडूनच द्यायची असेल तर तसं ठरवून, वहीत ‘सोडली’ लिहून सोडा. अर्धवट सोडलेली उधारी दर बैठकीत पुन्हा डोकं वर काढते.

नेहमीची चूक: शब्द रागाने भरून येईपर्यंत थांबणं आणि मग एकदम तोडून बोलणं. सातव्या दिवशीचा फोन सातव्या दिवशीच करा, तेव्हा आवाज साधा असतो.

## ७. वाईट महिन्याची योजना चांगल्या महिन्यात लिहा

तग सहा आठवड्यांच्या वर गेली की हे पान लिहा. तीनच गोष्टी: तग किती आठवड्यांवर आली की ही योजना लागू होईल, कोणता खर्च आधी थांबेल आणि त्यानंतर कोणता, कोणाशी पहिल्यांदा बोलायचं. नावं आणि फोन नंबर आत्ताच लिहून ठेवा. जोडीदाराला किंवा भागीदाराला हे पान दाखवा, त्यांनाही त्यात फेरफार करू द्या.

त्याच पानाच्या मागे चांगल्या महिन्याचा नियम: पगारापेक्षा जास्त उरलं तर त्यातला अर्धा भाग राखीव खात्यात, चौथा भाग कर्जफेडीला, चौथा भाग घराला. प्रमाण तुमच्या परिस्थितीप्रमाणे बदला, पण घराचा भाग शून्य करू नका. ज्या धंद्यातून घराला कधीच काही मिळत नाही, त्याच्या काळजीत घरचे फार काळ साथ देऊ शकत नाहीत.

## बैठक चुकली तर

चुकेल. आजारपण, लग्नसराई, कामाचा रेटा, काहीही. एक बैठक चुकली तर पुढच्या वेळी फक्त चार आकडे लिहा, राहून गेलेलं भरत बसू नका. दोन चुकल्या तर त्या दिवशी पंधरा मिनिटांचीच बैठक घ्या, आणि तिसऱ्या टप्प्यातला एकच रकाना भरा: बसणं कशामुळे टाळलं. तीनपेक्षा जास्त चुकल्या असतील, तर गल्ला आणि घर पुन्हा मिसळलं असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी पहिल्या टप्प्याची तपासणी करा, आणि तिथे अडलात तर तिथूनच पुन्हा सुरू करा.